जुनी बोलेरो पिकअप खानदेशातल्या हिवाळ्यात: कुठल्या कामावर पैसे घालावेत

दिवाळी सरली की जुन्या पिकअपच्या दोन तक्रारी जोडीनेच गॅरेजला येतात. पहाटे सेल्फ ओढत नाही आणि रात्री लाइट पुरत नाही. पहिलीसाठी नवी बॅटरी घेतली जाते, दुसरीसाठी एलईडी बल्ब किंवा टपावरची लाइटची पट्टी. पाच-सात हजार खर्च होतात आणि गाडी होती तिथेच राहते. कारण बहुतेक वेळा दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं: पावसाने, धुळीने आणि खताच्या गोण्यांतल्या क्षाराने दहा-बारा वर्षं खाल्लेल्या वायरी आणि सैल पडलेलं अर्थिंग. म्हणून जुन्या गाडीवर हिवाळ्याचा पहिला पैसा वायरीवर घालावा, आणि बाकी सगळं त्यानंतर.

हे परीक्षण बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या आधीच्या, म्हणजे एप्रिल २०२० पूर्वीच्या २५२३ सीसी बोलेरो पिकअपचं आणि तिच्यात थंडीसाठी घातल्या जाणाऱ्या वस्तूंचं आहे. रावेर-यावलची केळी, चाळीसगावचा भाजीपाला, शहाद्याची मिरची यातलं बरंच काही रात्री याच गाडीच्या हौद्यात असतं. गाडी म्हणून ती अजूनही भरवशाची आहे. चेसिस दणकट, पाटे (चाकांवरचे पट्ट्यांचे स्प्रिंग) साधे, इंजिन तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीच्या हातातलं, सुटे भाग सहज मिळणारे. हिवाळ्यात ती तीन ठिकाणी कमी पडते: वीज, काच, आणि रिकामी असताना मागच्या चाकांची पकड.

आपल्याकडचा हिवाळा बर्फाचा नाही. धुळे-जळगावच्या सपाटीवर पारा १० अंशांखाली जातो, कडक थंडीत ६-७ पर्यंतही उतरतो. तोरणमाळ, डाब या सातपुड्यातल्या भागात दव गोठतं. पण दुपारी तीच गाडी ३० अंशांत उभी असते आणि मे महिन्यात तिने ४५ अंश सोसलेले असतात. बर्फाळ मुलखासाठी सांगितलेले उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पातळ ऑइल हे त्याचं चांगलं उदाहरण. १५डब्ल्यू-४० ऑइल शून्याच्या बऱ्याच खाली गेलं तरी इंजिन फिरू देतं, त्यामुळे ६ अंशांसाठी महागडं ५डब्ल्यू-३० भरण्याची काही गरज नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच भरा, फक्त वेळेवर बदला.

हेडलाइट: रिलेचं हार्नेस

या गाडीत हिवाळ्यासाठी घालण्यासारखी सर्वांत चांगली वस्तू कोणती, तर हेडलाइटचं रिले हार्नेस, म्हणजे बॅटरीतून थेट बल्बला वीज नेणारा जाड वायरींचा संच. त्यातला रिले हा विजेवर चालणारा छोटा स्विच असतो, आणि डॅशबोर्डचा स्विच फक्त त्याला चालू-बंद करतो. तयार हार्नेस ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हजाराच्या आसपास मिळतं. चांगला वायरमन सुटा माल आणून तेवढ्याच पैशांत जास्त मजबूत बनवून देतो.

कारण असं आहे. एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दोन्ही बल्ब अपरवर असले की १० अँपिअर करंट लागतो. हा करंट बॅटरीपासून स्विच, कॉम्बिनेशन लिव्हर, चार-पाच जोड आणि बारीक वायर असा फिरून येत असेल, तर वाटेत व्होल्टेज गळतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड सुमारे ३० टक्के जातो. बल्ब पिवळा-तांबूस दिसतो आणि आपण बल्बला नावं ठेवतो.

आधी मोजून घ्या. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या होल्डरच्या प्लसवर, तीही मागून टोचून, होल्डर बल्बवर बसलेला असतानाच. आकडा ०.५ व्होल्टच्या आत असेल तर हार्नेसवर खर्च करू नका. १ व्होल्टच्या वर असेल तर खर्च करण्याजोगं काम हेच. मग बल्बची अर्थ पिन ते बॅटरीचा मायनस असंही मोजा. अर्ध्या गाड्यांत खरा घोटाळा या बाजूला सापडतो, आणि तो पंधरा मिनिटांत काचपेपरने सुटतो.

जोडणी सोपी आहे. ३० अँपिअरचे दोन रिले, एक अपरला, एक डिपरला. बॅटरीच्या प्लसपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ मधून बल्बकडे. जुन्या होल्डरमधून येणारा सप्लाय ८६ ला, ८५ अर्थला. बल्बची अर्थ वायरही २.५ चौरस मिलिमीटरची, आणि ती रंगावर न दाबता पत्रा घासून बोल्टखाली. काही गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थची बाजू जोडतो. टेस्ट लॅम्प लावून ते आधी तपासा, नाहीतर रिले ओढणारच नाही आणि विनाकारण नवा रिले आणला जाईल. रिले पिना खाली करून बसवा म्हणजे धुताना पाणी साचत नाही. फ्यूज न लावता केलेली जोडणी मात्र कुणाकडूनही घेऊ नका. बॉनेटखाली घासलेली एक बिनफ्यूजची वायर गाडी जाळायला पुरते.

९०/१०० वॅटचे बल्ब जुन्या वायरीवर टाकले तर होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, आणि रस्त्यावर त्यांना परवानगीही नाही. एलईडी बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घातला की प्रकाशाचा बिंदू जागचा हलतो. उजेड भिंतीवर पांढराशुभ्र दिसतो, पण रस्त्यावर तो पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तापीकाठच्या धुक्यात तर समोर चुन्याची भिंत उभी राहिल्यासारखं होतं. चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५ चा हॅलोजन आणि पूर्ण व्होल्टेज, ही जोडी या गाडीत सरस ठरते. रिफ्लेक्टरचा चकाकणारा थर उडालेला असेल तर मात्र बल्ब-वायर काहीही करा, उपयोग नाही. आख्खी असेम्ब्लीच बदलावी लागते.

लाइट सेट करणं लोक विसरतात. पिकअप भरली की मागून बसते, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याला अपर वाटतो. म्हणून रोजचा माल हौद्यात आणि चालक सीटवर असतानाच सेटिंग करा. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली आली पाहिजे.

फॉग लॅम्प घ्यायचे तर पिवळे घ्या, पण रंगापेक्षा जागा महत्त्वाची. बंपरच्या खालच्या बाजूला, जमिनीपासून हात-दीड हातावर, कड आडवी आणि सपाट. टपावरची पट्टी धुक्यात निरुपयोगी आहे. उंचावरून पडलेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. यांनाही वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज हवा.

आणि चालत्या गाडीत धुकं आहे म्हणून चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय ते कळत नाही, आणि वळताना तुमचा इंडिकेटरही दिसत नाही. मागच्या फाळक्याला लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी लावा, तीही फाळका धुऊन, वाळवून, मगच. उसाच्या हंगामात टेललॅम्प नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच रस्त्यांवर असतात. त्यांना धडकण्याची भीती आपल्याला असते, तशीच मागून येणाऱ्याला आपली असते.

पहाटेचा सेल्फ

खानदेशात बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळते हिवाळ्यात. बॉनेटखालच्या उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, पण गरम इंजिन हलकं फिरत असल्यामुळे मे-जूनमध्ये ते जाणवत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट, बॅटरीची ताकद कमी, आणि गाडी अंगणात अडते. झाकणवाल्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ही उन्हाळ्यातच दर पंधरा दिवसांनी बघण्याची गोष्ट आहे. बोअरचं पाणी चुकूनही टाकू नये.

नवी बॅटरी घेण्याआधी तीन मोजमापं करा. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवं. ते येत नसेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा, आणि नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल.

तिन्ही आकडे ठीक, तरी सेल्फ घरघरतो? मग अर्थिंग बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन आणि चेसिस यांच्यातली विणलेली तांब्याची पट्टी हिरवी पडून सडली आहे. नवी पट्टी काही शे रुपयांची येते. दोन्ही टोकांचा पत्रा चकचकीत घासा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळू नका. प्लसची केबल थिंबलजवळ (टोकाच्या धातूच्या जोडाजवळ) काळी किंवा कडक झाली असेल तर ३५ चौरस मिलिमीटरची नवी टाका. थिंबल हातोड्याने न ठोकता यंत्राने दाबून घ्या. एवढं करूनही सेल्फ सुस्त असेल तेव्हा तो उतरवावा. कार्बन झिजलेले आणि बुश सैल हे नेहमीचे दोन दोष, आणि ते स्वस्तातच निघतात.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही वेगळी भानगड. फिल्टरवरचा हातपंप पहाटे दहा-वीस वेळा दाबा. तो कडक झाल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं आहे, म्हणजेच कुठेतरी हवा शिरते. दोषी बहुधा टाकी ते फिल्टर या रबरी पाइपची तडकलेली टोकं, नाहीतर जुने तांब्याचे वायसर. उन्हाने कडक झालेलं रबर थंडीत आकसतं आणि क्लिपखालून हवा ओढतं. बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, त्यामुळे मिस्त्रीही फसतो. पाइप बदलताना डिझेलचाच घ्या, पाण्याचा नको. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) इंजेक्टरचे पाइप सैल करून हवा काढण्याची जुनी रीत वापरू नका. तिथला दाब जिवावर बेततो.

डॅशबोर्डवर कॉइलचा पिवळा दिवा लागणाऱ्या गाडीत सिलिंडरमधली हवा तापवणारे हीटर प्लग असतात. तो दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा. सुरू होताना पांढरा धूर आणि एखाद-दोन सिलिंडर मिनिटभर चुकणं हे प्लग गेल्याचं लक्षण. वायर काढून प्लगचा रोध मोजा. चांगला प्लग एका ओहमच्या आसपासच असतो, मेलेला प्लग अनंत दाखवतो. चारही एकत्र बदला. आणि काढताना घाई नको: इंजिन कोमट, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल, आणि पाना हळूहळू पुढे-मागे. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागतं, आणि चार प्लगचं काम वीस पटीला जातं. प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारणं हा स्फोटाशी खेळ आहे. टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली शेकोटी ठेवणंही तसंच.

डिझेल गोठण्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. भारतीय मानकात डिझेल फिल्टरमधून जायचं थांबतं त्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आहे, इतर वेळी १८. पंपावरचं ताजं डिझेल सपाटीवर त्रास देत नाही. त्रास देतं ते शेतात ड्रममध्ये एप्रिल-मेपासून भरून ठेवलेलं. ते घेऊन पहाटे धडगाव-तोरणमाळकडे निघालात तर घाटात फिल्टर मेणाने चोंदू शकतो. जुनं डिझेल दिवाळीआधी संपवा. रॉकेल मिसळू नका, पंप कोरडा पडतो. टाकी रात्री भरलेली ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेत दव साचत नाही. फिल्टरखालचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून पाणी सोडा. बाटलीत घेतलं की पाणी तळाशी वेगळं दिसतं.

थर्मोस्टॅट परत बसवा

आपल्या भागात उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढून फेकण्याची सवय आहे. याच्याइतकं नुकसान करणारी दुसरी दुरुस्ती क्वचितच असेल. थर्मोस्टॅट नसलं की डिसेंबरात इंजिन रात्रभर कोमटच राहतं. तापमानाचा काटा अर्ध्यापर्यंत चढत नाही, डिझेल जास्त जातं, अर्धवट जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लाइनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) झिजतात. तापण्याचं खरं कारण बहुधा रेडिएटरमधला क्षार असतो, कारण वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणीच भरलेलं असतं.

रेडिएटर साफ करून घ्या, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. आपल्याला ते गोठू नये म्हणून नको, गंज आणि क्षार थांबावेत म्हणून हवं. नवं थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याला टांगून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास ते उघडायला लागलं पाहिजे. उकळत्या पाण्यातही बंद राहिलं तर दुकानदाराला परत द्या.

काच, टायर, पाटे

वायपरचं रबर उन्हाळ्यात मरतं. पावसाळ्यात ते कसंबसं चालतं, पण दवाच्या बारीक थरावर रेघा ओढतं आणि समोरच्या लाइटने काच पांढरी होते. ब्लेड दिवाळीलाच बदला. आतून काच धूसर होण्याचं कारण केबिनमधली ओल. ओलं पायपुसणं, ओली गोणी बाहेर काढा, काच आतून साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी पुसा. धूळ आणि विडी-सिगारेटचा थर असलेल्या काचेवर वाफ लवकर धरते. ब्लोअर नसलेल्या केबिनमध्ये दोन्ही काचा दोन-दोन बोटं खाली ठेवण्याला पर्याय नाही. थंडी लागते, पण रस्ता दिसतो. काचेकडे तोंड केलेला १२ व्होल्टचा छोटा पंखा बरा, घ्यायला हरकत नाही.

टायरची हवा पहाटे, गाडी हलण्याआधी बघा. दुपारी ३५ अंशांत भरलेली ५० पीएसआय हवा पहाटे १० अंशांत सुमारे ४५ होते. कमी हवेत भरलेली पिकअप कडेने टायर खाते आणि वळणावर डुलते. आकडा दाराच्या स्टिकरवरचा धरा, पंक्चरवाल्याच्या अंदाजाचा नको. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण दवाने ओल्या घाटात ३ च्या खाली भरवसा ठेवू नये.

मागे जादा पाटा टाकून घेण्याची फार हौस आहे. हिवाळ्यात तोच घात करतो. गाडी माल उतरवून रिकामी परतताना कडक पाट्यांवर मागची चाकं उडतात. औट्रम घाट, कोंडाईबारी, चांदसैली इथल्या ओल्या वळणावर ब्रेक लावला की मागचा भाग आधी घसरतो. मूळ पाटे बसले असतील तर त्याच मापाचा नवा संच घाला. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा. मागच्या ॲक्सलला जोडलेला, लोडनुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असेल, तर पाट्यांचं काम झाल्यावर त्याचा दांडा पुन्हा सेट करून घ्या. उंची बदलली की तो मागे किती लोड आहे हे चुकीचं धरतो. ब्रेकचं ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. पहाटे निघाल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये दोन-तीनदा हलका ब्रेक मारून ड्रमवरचा दवाचा गंज घासून काढा.

केळी भरलेली असेल तर

१३ अंशांखाली केळीला थंडी बाधते. साल करपट, राखाडी होते आणि माल पिकताना रंग धरत नाही. उघड्या हौद्यात रात्री ६० च्या वेगाने वारा लागला की गारवा मालाच्या आतपर्यंत झपाट्याने शिरतो. हौद्याच्या तळाला आणि चारी बाजूंना केळीच्या पानांचा जाड थर द्या, वर पानं, त्यावर ताडपत्री. पुढची बाजू केबिनच्या मागे घट्ट आवळा, कारण वारा तिथूनच आत घुसतो. मागे फाळक्यापाशी वीतभर फट मोकळी सोडा, म्हणजे आतली वाफ निघून जाते. ताडपत्रीची दोरी टेललॅम्प आणि नंबरप्लेटवरून जाणार नाही असे हुक लावून घ्या. माल भरल्यावर एकदा मागे जाऊन ब्रेकलाइट लागतो का ते दुसऱ्याकडून पाहून घ्या, आणि डिपर भिंतीवर कुठे पडतो तेही त्याच वेळी.